खड्डा वाचला, माणूस वाचला काय?



पावसाळा सरला, की आपल्या उपनगरांतील रस्ते खणायला सुरुवात होते. अंधेरी असो, बोरिवली असो, मुलुंड वा घाटकोपर असो. कुठे पाण्याचा नळ, कुठे विजेची केबल, आणि या सर्वांच्या खाली, पुष्कळ खोल, मलवाहिनी. आपण बसमधून जाताना त्या खड्ड्याला नावे ठेवतो, कामावर उशीर झाला म्हणून चरफडतो. खड्ड्याच्या तळाशी उभा असलेला माणूस कोण, कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, हे विचारण्याइतका वेळ आपल्याजवळ नसतो.

आता रस्ता न खणता जुनी मलवाहिनी आतल्या आत दुरुस्त करण्याची पद्धत आली आहे. मुंबई महानगरपालिकेने शहरातील जुन्या वाहिन्यांसाठी ती वापरली आहे. पर्यावरणाच्या दृष्टीने ती चांगली आहे असे सांगितले जाते, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. ‘पण हा विषय इंजिनिअरांचा, धम्माच्या पाक्षिकात त्याचे काय काम?’ असे कोणी म्हणेल. त्यांना माझे उत्तर असे की, गटारात कोणी उतरायचे हे या देशात इंजिनिअरने ठरविलेले नव्हते. ते जन्माने ठरत होते आणि त्या जन्माच्या पाठीशी धर्मशास्त्र उभे होते. जो प्रश्न धर्माने निर्माण केला, त्याची तपासणी या पानांत नाही व्हायची तर कुठे व्हायची?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जुन्या मुंबई शहरात विटांच्या बांधणीच्या ज्या मोठ्या मलवाहिन्या आहेत, त्यांतील कित्येकांचे वय शंभरी ओलांडून गेले आहे. उपनगरांची गोष्ट निराळी. अंधेरी आणि घाटकोपरकडील भाग १९५० साली बृहन्मुंबईत आला, बोरिवली व मुलुंड १९५७ साली. त्यानंतर वस्ती वाढत गेली आणि वाहिन्या तिच्या मागून धावत राहिल्या. आज या सबंध महानगराच्या मलवाहिन्यांचे कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर असे सात विभाग आहेत. १९ जानेवारी २०२३ रोजी सात नव्या मलप्रक्रिया केंद्रांची पायाभरणी झाली. त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला २,४०० दशलक्ष लिटरांहून अधिक आहे. मोठी गोष्ट आहे. परंतु प्रक्रिया केंद्र कितीही मोठे बांधले, तरी ते त्याच्यापर्यंत पोहोचलेल्या मैल्यावरच प्रक्रिया करणार. वाटेत वाहिनीला भेग पडली असेल तर तो मैला जमिनीत मुरतो, नाल्यात जातो, आणि तिथून मिठी, ओशिवरा, पोयसर किंवा दहिसर नदीत. उलट पावसाळ्यात त्याच भेगांतून जमिनीतले पाणी वाहिनीत शिरते आणि पंपांवर दुप्पट भार पडतो. म्हणून फुटकी वाहिनी दुरुस्त करणे हे नदी वाचविण्याचे काम आहे, यात शंका नाही.

आता वाहिनी सडते कशी, हे थोडे विस्ताराने सांगतो. कारण आपल्या विषयाचे मर्म त्यातच आहे. मैला साचून राहिला, त्याला हवा मिळाली नाही, की त्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तोच हा. तो वाहिनीच्या वरच्या ओलसर भागाला चिकटतो, तिथले जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल काँक्रीट खाऊन टाकते. म्हणून वाहिनी तळाशी शाबूत आणि माथ्याला पोखरलेली अशी सापडते. एक दिवस माथा खचतो, वरचा रस्ता बसतो आणि मग वर्तमानपत्रात फोटो येतो. हाच वायू माणसाच्या छातीत गेला की माणूस मरतो. त्यातही कपट असे की, तो थोडा असला तर घाण वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. खाली उतरलेल्या माणसाला वाटते, वास गेला, आता धोका नाही. आणि तो आणखी एक पायरी खाली जातो.

म्हणजे काँक्रीटचा नळ आणि नळात उतरणारा माणूस, दोघांचा शत्रू एकच. नळ किती झिजला हे मोजण्यासाठी आज कॅमेरे आहेत. नळाची नोंद आहे, नकाशा आहे, त्याच्या आयुष्याचा हिशेब आहे. माणसाच्या झिजेची अशी नोंद कुठल्या कपाटात आहे, हे मला कोणी दाखवावे.

न खणता दुरुस्ती होते ती अशी. आधी दाबाच्या पाण्याने वाहिनी धुऊन काढतात. मग चाकांवर बसविलेला कॅमेरा आत सोडून भेगा, उखडलेले सांधे, झाडांची आत शिरलेली मुळे पाहतात. वाहता मैला पंपाने पुढच्या मॅनहोलकडे वळवितात. नंतर रेझिन नावाच्या कृत्रिम राळेत भिजविलेली, नमद्यासारख्या जाड कापडाची किंवा काचतंतूंची लांबच लांब नळी मॅनहोलमधून आत सोडतात. एका प्रकारात ती पाण्याच्या वा हवेच्या दाबाने, सदऱ्याची बाही उलटी करावी तशी उलटत उलटत पुढे जाते आणि जुन्या नळाला आतून चिकटून बसते. मग गरम पाण्याने, वाफेने किंवा अतिनील प्रकाशाने राळ कडक होते. जुन्या नळाच्या पोटात नवा नळ तयार होतो, आणि त्याचे आयुष्य साधारण पन्नास वर्षांचे धरतात. घराघरांतून येणाऱ्या जोडण्यांची तोंडे त्यात झाकली जातात. ती आतून यंत्राने पुन्हा कापून मोकळी करतात. एरिक वूड या इंग्रज गृहस्थाने १९७१ साली लंडनच्या हॅकनी भागात ही पद्धत प्रथम करून दाखविली. माणसाने मोठ्या वाहिनीत शिरून काचतंतूंचे घडीव पत्रे आतून बसविण्याची आणखी एक रीत आहे. मोठ्या विटांच्या वाहिन्यांना ती उपयोगी पडते. नळ पार कोसळलेला असला किंवा त्याचा उतारच बिघडलेला असला, तर मात्र यातले काही चालत नाही, खणावेच लागते.

फायदे सांगायला नकोत. डांबर फोडावे लागत नाही, राडारोड्याचे ट्रक धावत नाहीत, रस्त्याकडेच्या झाडांची मुळे तुटत नाहीत, वाहतूक तुंबून डिझेलचा धूर होत नाही. आणि एक फायदा, जो जाहिरातीत क्वचित दिसतो: खोल चर खणताना मातीची बाजू ढासळून बिगारी गाडला जाण्याचा धोका टळतो.

पण धम्माचा अभ्यास करणाऱ्याने कुठलीही गोष्ट फक्त कौतुक करून सोडू नये. कालाम लोकांना तथागतांनी तपासून पाहण्याचीच शिकवण दिली. तेव्हा हीही पद्धत तपासू. ज्या राळेत ती नळी भिजवितात, त्यातील पुष्कळ प्रकारांत स्टायरीन नावाचे द्रव्य असते. ते डोळ्यांना झोंबते, डोके गरगरविते, आणि दीर्घकाळ श्वासात जाणे घातक मानले जाते. २०१७ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा कामाच्या जागी मोजमाप करून दाखविले की, तिथून जी पांढरी वाफ बाहेर पडते ती निव्वळ पाण्याची वाफ नसते. तिच्यात अनेक रसायने असतात. स्टायरीन नसलेली राळ मिळते, वाफेऐवजी प्रकाशाने पक्की करण्याची सोय आहे. पण त्यांना पैसे अधिक पडतात. पर्यावरणाचे नाव घेऊन काम करावयाचे आणि त्या वाफेत उभ्या असलेल्या मजुराला साधा मुखवटा द्यायचा नाही, तर ते पर्यावरण कोणाचे? झाडाचे मूळ वाचविले, चांगले झाले. मजुराचे फुफ्फुस हे पर्यावरणात मोडत नाही काय?

याहून मोठा प्रश्न पुढे आहे. ‘न खणता’ आणि ‘न उतरता’ हे दोन शब्द आपण एकच समजतो. ते एक नाहीत. रस्ता अखंड राहिला म्हणजे खाली माणूस गेला नाही असे नव्हे. नळी सोडण्याआधी वाहिनी साफ व्हावी लागते. यंत्राला न निघणारा दगड, काँक्रीटचा गोळा कोणीतरी काढावा लागतो. वरच्या बाजूचा प्रवाह अडवायला बूच बसवावा लागतो. मोठ्या वाहिनीत पत्रे बसवायचे तर माणूस आत जातोच. रस्त्यावरून जाणाऱ्याला एक उघडे झाकण आणि एक गाडी एवढेच दिसते. पूर्वी निदान खड्ड्यामुळे तो माणूस आपल्या नजरेस पडत होता. आता रस्ता नीटनेटका राहील आणि माणूस अधिकच अदृश्य होईल, अशी मला भीती वाटते.

कायदा काय म्हणतो? हाताने मैला साफ करण्याच्या कामावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ साली झाला आणि दुसरा, अधिक व्यापक, २०१३ साली. दुसऱ्या कायद्याच्या सातव्या कलमाने गटारे व मैलाटाक्या धोकादायक रीतीने साफ करण्यासाठी कोणालाही कामाला लावण्यास मनाई केली आहे. आणि ही मनाई सरकारी खात्यांपुरती नाही, प्रत्येक व्यक्तीला आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परंतु त्याच वर्षीच्या नियमांत काही अपवाद ठेवलेले आहेत, आणि त्यांपैकी एक अपवाद मलवाहिनीच्या दुरुस्तीचाच आहे. संरक्षक साधने देऊन अशा कामाला माणूस उतरविता येतो. म्हणजे सफाईच्या दाराने माणसाला आत नेणे कायद्याने बंद केले, तरी दुरुस्तीचे दार किलकिले राहिले. म्हणूनच दुरुस्तीची पद्धत कोणती, हा केवळ खर्चाचा प्रश्न राहत नाही. जिथे माणसाने शिरावे लागत नाही अशी पद्धत उपलब्ध असताना, स्वस्त पडते म्हणून शिरावे लागते ती निवडली, तर त्या दोन दरांमधला फरक कोणाच्या जिवावर वाचविला, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी गटारातील प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरविली. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती तीस लाख केली आणि कुटुंबांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला. २९ जानेवारी २०२५ रोजी मुंबईसह सहा महानगरांत हाताने मैला व गटारे साफ करण्याची पद्धत बंद करण्याचे फर्मावले. एकच गोष्ट इतक्या वेळा सांगावी लागते, यावरून ती किती पाळली जाते याचा अंदाज तुम्हीच करा.

आणि आता आपल्या स्वतःच्या दाराशी येऊ या. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडी येथे एका गृहनिर्माण संस्थेच्या मैलाटाकीत उतरलेले तीन कामगार गुदमरून मेले. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकीला दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ध्यानात घ्या, ही टाकी महापालिकेच्या रस्त्याखालची नव्हती. एका सोसायटीची होती. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे आज चाळीतून, झोपडपट्टीतून पुनर्वसनाच्या इमारतीत आली आहेत. कोणी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, कोणी खजिनदार. रविवारी चोकअप होते, तळमजल्यावर घाण वर येते, बायामाणसे ओरडतात. मग वॉचमनला सांगितले जाते, ‘बघ रे, कोणीतरी माणूस आण, दीड-दोन हजार देऊ.’ तो ‘कोणीतरी माणूस’ बांबूच्या कामट्या आणि बादली घेऊन येतो. तो कोणत्या वस्तीतून येतो, हे मी लिहिण्याची गरज नाही.

इथे शीलाचा एक बारीक प्रश्न उभा राहतो. प्राणिहिंसा न करण्याचे शील आपण रोज ग्रहण करतो. जुन्या आचार्यांच्या विवेचनानुसार हे शील मोडण्यास पाच गोष्टी लागतात: जिवंत प्राणी, तो जिवंत असल्याची जाणीव, मारण्याचा हेतू, त्यासाठी प्रयत्न आणि मृत्यू. आता आपला सेक्रेटरी म्हणेल, माझा हेतू मारण्याचा नव्हता. मी तर पैसे दिले, चहाही पाजला. अक्षराने पाहिले तर त्याचे म्हणणे खोटे नाही. परंतु धम्म एवढ्यावर थांबतो काय? तथागतांनी अप्रमादाला, म्हणजे जागरूकतेला, सर्व कुशल गुणांच्या मुळाशी ठेवले. झाकणाखाली मारणारा वायू असतो हे ज्याला माहीत आहे, किंवा थोडी चौकशी करून माहीत होऊ शकते, त्याचे न पाहणे हे निर्दोष अज्ञान राहत नाही. बाबासाहेबांनी धम्माचे स्थान माणसामाणसांतील संबंधात दाखविले. कोपऱ्यात बसून मन शुद्ध ठेवले की झाले, अशी सूट त्यांच्या धम्मात नाही. प्रतीत्यसमुत्पाद आपण पुस्तकात शिकतो. पण स्वयंपाकघरातील मोरीत ओतलेले तेल थंड होऊन नळात गोठते, त्यावर कापडाचा बोळा अडकतो, वाहिनी तुंबते आणि माणूस उतरतो, ही साखळीही त्याच नियमाने चालते.

‘यंत्र आले की जात जाईल’ असे सांगणारे आहेत, आणि ‘हे काम पवित्र आहे, सेवा आहे’ असे सांगणारेही आहेत. दुसऱ्यांचा समाचार बाबासाहेबांनी पूर्वीच घेतला आहे. ज्याच्या पाटीचा गौरव होतो त्याच्या डोक्यावरून ती पाटी कधी उतरत नाही. पहिल्यांविषयी थोडे सांगावे लागेल. घाण हे अस्पृश्यतेचे कारण असते, तर यंत्राने घाण दूर करताच अस्पृश्यता गेली असती. अतिसाराने आपल्याच मळात पडलेल्या एका भिक्षूला भगवंतांनी स्वतःच्या हाताने, आनंदासह, धुऊन काढल्याचा प्रसंग विनयात आहे. त्यामुळे भगवंत कोणाला अस्पृश्य झाले नाहीत. राजगृहात झाडू मारणाऱ्या सुनीताला त्यांनी ‘शुद्ध मनाने झाडत राहा’ असा उपदेश केला नाही. त्याला संघात घेतले. मग संघातले शौचकूप कोण साफ करी? याचेही नियम विनयात आहेत. जो भिक्षू ते वापरील आणि जागा घाण झालेली पाहील, त्याने ती साफ करावी. आत जाण्याचा क्रमही ज्येष्ठतेने नव्हे, तर येण्याच्या क्रमाने. म्हणजे काम शिल्लक राहिले, पण ते कोणाच्या जन्माला चिकटले नाही. मला हा भाग आपल्या वाङ्मयातील फार मोलाचा वाटतो, आणि आपल्याकडे त्यावर प्रवचने फारशी होत नाहीत, याचे नवल वाटते.

कोट्यवधी लोकांच्या शहरात प्रत्येकाने आपला नळ स्वतः धुवावा असे म्हणता येणार नाही. म्हणून संघाने जे पाळीने साधले, ते शहराला यंत्राने, चांगल्या वेतनाने आणि सर्व जातींना खुल्या असलेल्या भरतीने साधावे लागेल. यंत्र एकटे आले तर काय होते? कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर एक जात बसते आणि नळाच्या तोंडाशी दुसरी उभी राहते.

आमच्या रविवारच्या वर्गात हा विषय निघाला तेव्हा नववीतल्या एका मुलीने मला विचारले, ‘सर, सगळं मशीनने झालं तर आमच्या बाबांचं काय?’ तिचे वडील ठेकेदाराकडे गटारसफाईच्या कामावर आहेत. वर्ग गप्प झाला. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. महाडला मार्च १९२७ मध्ये मेलेली गुरे ओढण्याचे सोडून देण्याचा निर्धार झाला, तेव्हाही घरोघरी हाच प्रश्न होता: मग खायचे काय? आपल्या आजोबांनी उपासमार सोसली पण काम सोडले. तो त्याग मोठा होता. परंतु आजच्या मजुराकडे पुन्हा तशाच त्यागाची मागणी करणे मला न्यायाचे वाटत नाही. आता राज्य आपल्या संविधानाचे आहे. काम सुटण्याची किंमत राज्याने मोजली पाहिजे, त्या मुलीच्या बापाने नव्हे.

आपल्या राज्यात लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीचा हक्क दिला. त्याने हजारो घरांची चूल चालविली, डोक्यावर छप्पर टिकविले. म्हणून त्या हक्काला हलके लेखणाऱ्यांशी माझे पटत नाही. पण बी.कॉम. झालेला मुलगा खोली जाऊ नये म्हणून बापाचा झाडू हाती घेतो, तेव्हा या हक्काच्या पोटात जुना जातिधर्मही लपलेला दिसतो. माझे मत असे की, वारसाला झाडूबरोबर कॅमेऱ्याचा, जेटिंग यंत्राचा, नळी बसविण्याच्या तंत्राचाही हक्क मिळावा. प्रशिक्षण पगारासह व्हावे आणि खोली कायम राहावी. केंद्र सरकारच्या २०२३ सालच्या ‘नमस्ते’ योजनेत सफाई कामगारांना यंत्रे घेण्यासाठी भांडवली अनुदान आणि आरोग्य विम्याची तरतूद आहे. कामगारच यंत्राचा मालक होऊ शकतो, हे आपल्या वस्त्यांत किती जणांना ठाऊक आहे? त्या मुलीला मी हेच सांगितले आणि तिच्या बाबांना पुढच्या रविवारी कागदपत्रे घेऊन यायला सांगितले. ते आले. आधार कार्ड होते. ठेकेदाराने दिलेला कामाचा एकही पुरावा नव्हता. अशा माणसाची नोंद व्हायची कशी, हे काम आपल्या तरुण मंडळांचे आहे. जयंतीच्या वर्गणीसाठी घरोघर जाणारी मुले एक रविवार यासाठीही फिरू शकतात.

तुमच्या सोसायटीची वार्षिक सभा लवकरच असेल. तिथे एक ठराव मांडा: मैलाटाकीत वा चेंबरमध्ये कोणत्याही कारणाने माणूस उतरविला जाणार नाही, चोकअप झाल्यास महापालिकेच्या विभाग कार्यालयाला कळवून किंवा यंत्र असलेल्या ठेकेदाराकडूनच काम करून घेतले जाईल, आणि त्यासाठी वर्षाला अमुक रक्कम बाजूला ठेवली जाईल. रक्कम लिहायला विसरू नका, कारण रविवारी घाण वर येते तेव्हा माणूस आणण्याचे कारण बहुधा हेच असते, की यंत्राला पैसे नव्हते. मोरीत तेल, कापड, सॅनिटरी पॅड टाकू नयेत हेही त्याच ठरावात घाला. तो मराठीत आणि हिंदीत लिहून पंपखोलीच्या दारावर चिकटवा, वॉचमनला वाचून दाखवा, आणि खाली सेक्रेटरीची सही घ्या.